पडला नाही तो पाऊसही लिहून ठेवा

पाऊस जास्त झाला की त्याची बातमी होते. पूल पाण्याखाली जातात, पुढारी पाहणीला येतात, छायाचित्रे छापून येतात. पाऊस पडत नाही तेव्हा मात्र दिवसामागून दिवस तसेच जातात आणि बातमी होईपर्यंत पीक गेलेले असते. आपल्या हुबळी-धारवाड भागाने हा अनुभव ऑगस्ट २०२३ मध्ये घेतला. त्या एका महिन्याची नोंद या पानावर करून ठेवणे आम्हाला आवश्यक वाटते, कारण त्याचा हिशेब आपल्यापैकी अनेक घरांत अजून पुरता मिटलेला नाही.

कमरीपेठेत आणि आसपासच्या जुन्या पेठांत राहणाऱ्या आपल्या कित्येक कुटुंबांचे घर शहरात, व्यवसाय बाजारात आणि वडिलोपार्जित चार-सहा एकर जमीन खेड्यात, अशी स्थिती आहे. कुणाची जमीन कुंदगोळकडे, कुणाची कलघटगीकडे, तर कुणाची नवलगुंद-अण्णिगेरीच्या काळ्या रानात. आपला जिल्हा लहान असला तरी पश्चिमेला मलनाडाची झाड आणि पूर्वेला कोरडवाहू पठार अशा दोन तोंडांचा आहे. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाऊ तसा पाऊस कमी होत जातो. म्हणून 'धारवाड जिल्ह्यात अमुक इतका पाऊस झाला' या वाक्यावरून आपल्या शेतात काय झाले ते कळत नाही.

२०२३ साली मोसमी पाऊस केरळात ८ जूनला पोहोचला, म्हणजे नेहमीपेक्षा आठवडाभर उशिरा. अरबी समुद्रातील 'बिपरजॉय' वादळाने वारे आपल्याकडे ओढून घेतले आणि मृग जवळजवळ कोरडा गेला. पेरण्या लांबल्या. जुलैच्या उत्तरार्धात पाऊस आला तो जोराने आला. शेतकऱ्याने उसनवारी करून बियाणे आणि खत घातले, उगवणही बरी झाली. त्यानंतर आला ऑगस्ट. त्या वर्षी अधिक श्रावण असल्याने श्रावण दोन होते. १८ जुलैपासून अधिक आणि १७ ऑगस्टपासून निज. म्हातारा पाऊस संपला, आसळका गेल्या, मघा लागल्या, तरी आभाळ कोरडेच. २१ ऑगस्टच्या नागपंचमीला झोके बांधले गेले, लाडू झाले, पण शेतात भेगा पडल्या होत्या.

हे केवळ आपल्या डोळ्यांना दिसले असे नव्हे. देशात ऑगस्टमध्ये सरासरी २५४.९ मिलिमीटर पाऊस पडतो. त्या महिन्यात पडला तो १६२.७ मिलिमीटर, म्हणजे ३६ टक्के कमी. १९०१ पासूनच्या नोंदीत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. प्रशांत महासागरात एल निनोची स्थिती तयार झाली होती आणि मोसमी पावसाचा कमी दाबाचा पट्टा बराच काळ हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसला होता. असा पट्टा उत्तरेला सरकला की डोंगराळ राज्यांत पूर येतात आणि दख्खन कोरडे पडते. त्या महिन्यात हिमाचलात दरडी कोसळत होत्या आणि आपल्याकडे बैल दावणीला उभे होते. दोन्हीचे मूळ एकच होते.

या कोरड्या महिन्याचा सर्वांत मोठा घाव मुगावर बसला. मूग हे साठ-सत्तर दिवसांचे पीक. जूनच्या आरंभी पेरले की ऑगस्टच्या उत्तरार्धात शेंगा तोडणीला येतात, सणासुदीला हातात पैसा येतो आणि त्याच रानात पुढे जोंधळा किंवा हरभरा पेरता येतो. २०२३ मध्ये पेरणीच उशिरा झाल्याने फूल आणि शेंग धरण्याची वेळ नेमकी कोरड्या आठवड्यांत आली. फुले गळाली, शेंगा पोचट राहिल्या. त्या वर्षी मुगाचा हमीभाव क्विंटलला ८,५५८ रुपये होता, पण भाव उपयोगी पडतो तो ज्याच्याकडे माल आहे त्याला! सोयाबीन, मका, भुईमूग, कापूस, मिरची यांनाही कमी-अधिक झळ बसली. काळी जमीन ओल धरून ठेवते हे खरे, परंतु एकदा ती भेगाळली की त्या भेगांतूनच खालची ओलही उडून जाते. पुढे ऑक्टोबरनेही पाठ फिरवली आणि रब्बीची आशाही मावळली.

याच्या अगदी उलट चार वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पहिल्याच पंधरवड्यात इतका पाऊस झाला की बेण्णीहळ्ळा आणि तुपरीहळ्ळा हे ओढे नदीसारखे फुगले आणि कुंदगोळ-नवलगुंदची उभी पिके पाण्याखाली गेली. एका ऑगस्टने बुडवले, दुसऱ्याने वाळवले. दोन्हींची बेरीज करून दोनाने भागले तर पाऊस 'सरासरीइतका' निघेल. तेव्हा सरासरी हा शब्द ऐकून शेतकऱ्याने समाधान मानू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. २०२३ च्या संपूर्ण मोसमात देशात सरासरीच्या ९४ टक्के पाऊस झाला. हा आकडा वाचून कुणाला दुष्काळ दिसेल काय? दुष्काळ महिन्यात आणि आठवड्यात लपलेला असतो.

आता कागदाकडे वळू. केंद्राच्या दुष्काळ नियमावलीप्रमाणे पावसाची तूट किंवा सलग तीन-चार आठवड्यांचा मोठा खंड ही पहिली कसोटी आहे. त्यानंतर पेरणीचे क्षेत्र, जमिनीतील ओल, पिकांची उपग्रहावरून दिसणारी स्थिती आणि निवडक गावांतील प्रत्यक्ष पाहणी यांचा विचार होतो. कर्नाटक शासनाने १३ सप्टेंबर २०२३ रोजी १९५ तालुके दुष्काळी जाहीर केले. वाढत वाढत ही संख्या २३६ पैकी २२३ वर गेली. राज्याने केंद्राकडे १८,१७१ कोटी रुपये मागितले. मदत मिळेना म्हणून मार्च २०२४ मध्ये राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिलअखेर ३,४५४ कोटी रुपये सुटले. मधल्या काळात राज्याने शेतकऱ्याला दोन हजार रुपयांपर्यंतचा पहिला हप्ता दिला होता. दिल्ली आणि बेंगळूर यांत कोण बरोबर हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. आमचा प्रश्न साधा आहे. ऑगस्टमध्ये वाळलेल्या पिकाची मदत दुसरी पेरणी तोंडावर आल्यावर येते, तोवर शेतकऱ्याने काय करायचे?

आणि मदत तरी किती? कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत. एकरी हिशेब केला तर सुमारे ३,४०० रुपये, म्हणजे त्या वर्षीच्या हमीभावाने चाळीस किलो मुगाची किंमत. एकराची नांगरट, बियाणे, खत आणि भांगलण यांचा खर्च ज्याने केला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको.

एवढी रक्कमही सर्वांच्या हाती पडत नाही, आणि येथे समाजबांधवांनी विशेष लक्ष द्यावे. पैसे 'फ्रुट्स' नोंदणीच्या आधारे खात्यात जमा होतात. पहाणीवर आजोबांचेच नाव असेल, पौती खाते झाले नसेल, आधारवरील नाव आणि पहाणीवरील नाव जुळत नसेल, पीक सर्वेक्षणात आपल्या सर्व्हे नंबरापुढे भलतेच पीक किंवा रिकामी जागा असेल, तर शेत वाळूनही मदत येत नाही. आपली आडनावे कानडीत लिहिताना तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिली जातात हा तर नेहमीचाच त्रास. शेत वाट्याने दिलेले असेल तर कसणाऱ्याचे आणि मालकाचे दोघांचेही नुकसान होते. ही कामे दुष्काळ जाहीर झाल्यावर होत नाहीत, ती आधीच करून ठेवावी लागतात.

दुसरे काम पावसाच्या नोंदीचे. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले ते कलकत्त्याचे १८६४ चे वादळ आणि त्यानंतरचे दुष्काळ पाहूनच. पुढच्याच वर्षी १८७६-७७ चा भीषण दुष्काळ धारवाड जिल्ह्याने सोसला. त्याची हकीकत १८८४ च्या धारवाड गॅझेटिअरमध्ये आज वाचता येते, कारण कुणीतरी ती लिहून ठेवली. आज धारवाडचे कृषी विद्यापीठ आठवड्यातून दोनदा हवामान सल्ला देते आणि राज्याच्या आपत्ती देखरेख केंद्राची पर्जन्यमापके ग्रामपंचायत पातळीवर बसलेली आहेत. परंतु एकाच पंचायतीत एका शिवारात पाऊस आणि दुसऱ्यात धूळ हे आपण नेहमी पाहतो.

म्हणून शेतावर एक साधे प्लास्टिकचे पर्जन्यमापक लावावे. भिंत किंवा झाड जितके उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर, उघड्या जागी. रोज सकाळी साडेआठला मोजून वहीत लिहावे. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहावे. ते शून्य सर्वांत महत्त्वाचे! सोबत पेरणीची तारीख, फूल कधी आले, फवारणी कधी केली, माल किती निघाला एवढे लिहिले तरी पुरे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर सुमारे चार हजार लिटर पाणी, हे लक्षात ठेवले की शेततळ्याचा हिशेबही घरीच मांडता येतो. ही वही शासन पुरावा म्हणून स्वीकारील असे नाही. पण पंचायतीच्या यंत्राचा आकडा आणि आपला आकडा शेजारी ठेवून प्रश्न विचारण्याचे बळ तिने नक्की येते. पाणी साचून किंवा गारपिटीने नुकसान झाले तर विम्यासाठी ७२ तासांत कळवावे लागते, तेव्हाही तारीख-वार हाताशी असतो.

शासनाकडे आमच्या मागण्या दोनच. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या यंत्राची पावसाची नोंद रोज फळ्यावर लिहावी, आणि पावसाच्या खंडाची कसोटी पूर्ण होताच मदतीचा पहिला हप्ता केंद्र-राज्य वादाची वाट न पाहता द्यावा. समाजबांधवांकडे मागणी एकच. येत्या मृगापूर्वी पहाणीचा उतारा काढून घरात वाचा, नाव तपासा आणि वहीचे पहिले पान उघडा.