परराष्ट्र धोरण ही कुणाची जहागीर?



नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या वस्त्यांमध्ये आम्ही मुलांना विचारतो, चीनबद्दल बाबासाहेबांचे मत काय होते? उत्तर येत नाही. दोष मुलांचा नाही. 'दलितांचे कैवारी' एवढ्याच चौकटीत त्यांना कोंबण्यात मनुवाद्यांचा फायदा आहे. आपणही ती चौकट हार घालून मिरवतो.

जरा सलग बघा. 1918 साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक. 1930 ला लंडनच्या गोलमेज परिषदेत साम्राज्याच्या मुत्सद्द्यांसमोर अस्पृश्यांची बाजू. 1940 च्या 'थॉट्स ऑन पाकिस्तान'मध्ये सरहद्द, साधनसंपत्ती आणि सैन्य यांचा रोखठोक हिशेब. 1941 ला संरक्षण सल्लागार समितीवर नेमणूक, आणि त्याच वर्षी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. 1951 च्या राजीनाम्याचे कारण म्हणून सगळे हिंदू कोड बिलच सांगतात. पण त्या निवेदनात परराष्ट्र धोरणही होते: 350 कोटींच्या महसुलातले 180 कोटी सैन्यावर जातात, कारण आपल्याला मित्र उरले नाहीत. पंचशील करार 29 एप्रिल 1954 चा. त्याच वर्षी 26 ऑगस्टला राज्यसभेत त्यांनी तिबेटवरून नेहरूंना जाब विचारला. 1962 साली काय झाले, ते सांगायला नको. सिएटोकडे त्यांचा जो कल होता त्यावर आमचेही प्रश्न आहेत. ते प्रश्न भाषण वाचूनच पडले, फोटोला नमस्कार करून नव्हे.

पुढे के. आर. नारायणन हाच रस्ता चालले. केरळच्या दलित घरातला मुलगा, चीनमध्ये राजदूत, जेएनयूचे कुलगुरू आणि शेवटी राष्ट्रपती. (1 जुलै 1998 ला आपला जिल्हा झाला तेव्हा राष्ट्रपती तेच होते.)

आता आजचे बघा. अनुसूचित जातींच्या मुलांना परदेशात शिकवणाऱ्या केंद्राच्या शिष्यवृत्तीतून 2022 साली भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक संशोधन हे विषय वगळले गेले. म्हणजे 1916 साली कोलंबियात भारतातील जातींवर निबंध वाचणाऱ्या भीमरावाला त्या विषयासाठी ही शिष्यवृत्ती मिळाली नसती! आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केलेले लोक. आमचा तर अख्खा विषयच दाराबाहेर.

आणि आपण काय करतो? पोलीस भरती, तलाठी भरती. वाईट नाही, घर चालते. पण सीमेवर उभे राहायला आमची पोरे, आणि सीमा कुठे आखायची हे ठरवायला मात्र त्यांची? नवापूरच्या स्टेशनावर अर्धा फलाट महाराष्ट्रात नि अर्धा गुजरातमध्ये आहे. सरहद्द म्हणजे काय हे तिथल्या भिल्ल-कोकणी पोराला आणि बौद्ध पोराला दिल्लीतल्या तज्ज्ञाने शिकवावे लागत नाही.

31 जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जाल, तेव्हा 1954 च्या भाषणाची झेरॉक्स सोबत न्या. तिथेच बसून वाचू आणि भांडूही.