आपला हक्क : विमा दोघांचा, पण बेकारीचे पैसे कुणाला?



नागोठण्याच्या एक ताई पगाराच्या दोन स्लिपा घेऊन आल्या होत्या. एक यजमानांची. ते सरकारी कचेरीत कायम शिपाई. दुसरी मुलाची. तो दुसऱ्या एका कचेरीत ठेकेदाराकडून सफाईला होता. ठेका संपला आणि पोरगा घरी बसला. ताई म्हणाल्या, "विमा दोघांचाही कापतात. मग पोराला बेकारीचे पैसे का नाहीत? साहेब म्हणतात, सरकारी नोकराला ते नसतातच."

साहेबांचे म्हणणे यजमानांपुरते खरे. त्यांच्या पगारातून कापतात तो १९८२ च्या योजनेचा गट विमा. सेवेत मृत्यू आला तर वारसांना विम्याची रक्कम, नोकरी संपली की बचतीचा भाग परत. बेकारीशी त्याचा संबंध नाही.

मुलाच्या स्लिपवर मात्र 'ई.एस.आय.' लिहिले होते. झाडू सरकारी आवारात मारला तरी तो नोकर ठेकेदाराचा, आणि विमा १९४८ च्या कायद्याने सुरू झालेला. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूर खाते सांभाळत होते, तेव्हा १९४४ साली प्रा. अडारकरांनी दिलेल्या अहवालातून हा कायदा पुढे आला. आजारपण, बाळंतपण, कामावरचा अपघात त्यात आले, बेकारी राहिली. ती थेट २००५ साली आली. सत्तावन्न वर्षे लागली!

पुढे १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. २०२० पासून तिच्यात सरासरी रोजाच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच देण्याचे ठरले. काम सुटून ३० दिवस झाले की अर्ज करता येतो. गैरवर्तनामुळे काढलेल्याला मिळत नाही. अट अशी की आधीची दोन वर्षे विमा असलेली नोकरी हवी, आणि शेवटच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. त्याआधीच्या तीनपैकी एका सहामाहीतही तेवढीच. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवतात, म्हणून ती आज चालू आहे का, हे शाखा कार्यालयात आधी विचारावे.

मुलगा तीन वर्षे राबला होता. मग अडले कुठे? मध्ये ठेकेदार बदलला आणि नव्याने नवा विमा नंबर काढला. कागदावर नोकरी उरली आठ महिन्यांची! खरे तर नंबर आयुष्यभर एकच असतो. ठेकेदार बदलला की जुनाच नंबर त्याच्यापुढे ठेवायचा.

जुने कार्ड कुठे आहे, असे विचारले. पत्र्याच्या पेटीत, लग्नपत्रिकांखाली, ताई म्हणाल्या. ते आणि दोन्ही ठेकेदारांच्या स्लिपा घेऊन, दोन्ही नंबर जोडण्याचा अर्ज द्यायला मुलाला सोमवारीच पाठवा, असे त्यांना सांगितले.