माती आणि गादी
मातीतल्या पारंपरिक कुस्तीचा निकाल चितपटीवर लागतो, गादीवर गुण मोजले जातात. त्यामुळे मातीवाल्यांना गादीची कुस्ती घाईची वाटते. गादीवाले मातीतल्या मल्लाला संथ ठरवतात. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे, म्हणूनच ते झोंबतात. मल्ल खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा गादी आणि तिचे नियम त्यांना नवखे होते. तरी ते सहावे आले. नवखेपणाची उणीव त्यांनी सरावाने भरून काढली आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले. उणीव अशी भरून काढायची तर ती आधी कुणीतरी दाखवावी लागते. तालमीत वस्ताद मल्लाची चूक चारचौघांत दाखवतो. ही टीका लगेच पुढच्या झोंबीत तपासता येते, हे तिचे मोठेच बळ. माती आणि गादीच्या परस्पर आक्षेपांचीही अशीच तपासणी होते: महाराष्ट्र केसरी किताबासाठी या दोन विभागांचे विजेतेच अखेरीस एकमेकांशी भिडतात.