शिंग कुणाचं, दम कुणाचा?

2024 च्या लोकसभा निवडणुकीत एका शब्दापायी महाराष्ट्रभर बोंबाबोंब झाली. शरद पवारांच्या पक्षाची निशाणी 'तुतारी वाजवणारा माणूस'. अपक्षांच्या यादीत इंग्रजीत 'ट्रम्पेट' होतं, मराठीत त्याचंही नाव 'तुतारी'च लिहिलं. साताऱ्यात पक्षाचा उमेदवार सुमारे 32 हजारांनी पडला आणि दुसऱ्या तुतारीनं सुमारे 37 हजार मतं नेली. मग ओरड सुरू : खरी तुतारी आमची, ती तर पिपाणी!

तुतारीसाठी सगळे भांडले. माणसाबद्दल कुणी ब्र काढला नाही. निशाणीत माणूस आहे ना? तो कोण? त्याची वस्ती गावाच्या कुठल्या अंगाला?

मित्रांनो, माणसाची जात विचारणारा हा देश. आज आपण शब्दाची जात काढू. आपल्याकडं पितळेच्या वाजंत्रालाही शिंगच म्हणतात. इंग्रजांचं हॉर्न म्हणजे शिंगच. लॅटिनमध्ये कॉर्नू म्हणजे शिंग, त्यातून कॉर्नेट आलं. बिगूल तर लॅटिन बुकुलुसपासून, म्हणजे गोऱ्हा. इंग्रजीत आधी बिगूल म्हणजे रानबैलच होता. त्याच्या शिंगाचं वाजंत्र झालं, पुढं ते तांब्यापितळेचं झालं. धातू चकाकला, तरी नावातलं ढोर काही गेलं नाही.

आणि ढोर म्हटलं की मी गप बसू शकत नाही. ढोर मेलं की ओढायचं कुणी?

आमचा भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेला. त्याच जिल्ह्यात माझ्या आज्याचा बाप गावची मेलेली ढोरं ओढायचा, आणि मालकाच्या लग्नात शिंग फुंकायचा. वरात मांडवात जायची, हा बाहेर उकिरड्यापाशी. शिंगाचा आवाज आत चालायचा, फुंकणारा चालायचा नाही.

1893 साली केशवसुतांनी 'तुतारी' लिहिली. शाळेत आम्हीपण घोकली. त्याच सुमारास गोऱ्या सरकारनं पलटणीत महारांची भरती बंद केली. कवितेत तुतारी आली, तेव्हाच आमच्या हातातला बिगूल गेला!

1927 ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. 1956 ला आमचं घर नागपूरहून दीक्षा घेऊन परतलं. त्या दिवसापास्नं ढोर ओढणं बंद, शिंगही बंद. काही शहाणे आता म्हणतात, तुमची कला गेली. कला? पायलीभर जोंधळ्यावर छाती फोडून घेणं ही कला?

मी गोदीत ओझी उचलतो. बोटीचा हॉर्न झाला की पाळी सुरू, हॉर्न झाला की बंद. तिथंही शिंग दुसऱ्याचं, दम आपला.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. तुतारी ह्या पक्षाची का त्या पक्षाची, हा तंटा त्यांचा त्यांना लखलाभ. मतं मागायला आले की एवढंच विचारा : निशाणीवरचा माणूस तुमच्या मांडवात येतो का? नसेल तर फुंका स्वतःच्या दमानं. आमचा दम आता भाड्यानं मिळत नाही. आम्ही फुंकू ते आमच्याच मोर्चापुढं.