खेळ संपतो, सूर उरतात

मुले व्हिडिओ गेम घेऊन बसली, की घरातल्या वडीलधाऱ्यांची पहिली सूचना ठरलेली असते : आधी तो आवाज बंद करा. खेळावरचा आक्षेप समजण्यासारखा आहे. अभ्यासाची, डोळ्यांची, झोपेची काळजी रास्तच आहे. पण ज्या आवाजाला आपण कटकट म्हणतो, त्यातून गेल्या चार-साडेचार दशकांत एक स्वतंत्र संगीतप्रकार घडला, हे आपल्या गावीही नसते.

प्रारंभ अगदी साधा होता. १९७८ साली जपानमध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ आला. त्यात उतरत्या क्रमाचे चारच सूर होते. खेळ रंगात येई तशी त्यांची लय वाढे आणि खेळणाऱ्याची छाती धडधडू लागे. १९८५च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'ला कोजी कोंडो यांनी संगीत दिले. यंत्राला एका वेळी जेमतेम पाच आवाज काढता येत आणि चित्रे, नियम, संगीत असा सारा संसार चाळीस किलोबाइटांत मांडायचा होता. आज मोबाइलवरचा एक फोटोही त्याहून कितीतरी पट जागा अडवतो. तिथे ध्वनिमुद्रण ठेवणार कुठे? म्हणून कोणता सूर केव्हा आणि किती वेळ वाजवायचा, एवढ्या सूचनाच लिहिल्या जात. शिवाय तीच चाल शंभरदा कानी पडूनही विटता कामा नये! गुणी संगीतकाराचाही कस लागावा, अशीच ही अट.

आपल्याकडे १९९०च्या दशकात टीव्हीला जोडायच्या स्वस्त यंत्रांतून हेच सूर घरोघर पोचले. त्या वेळची मुले आज चाळिशीत आहेत आणि ती चाल सहज गुणगुणतात. चाल कोणाची, हे मात्र फार थोड्यांना सांगता येईल. दोष त्यांचा नाही. प्रतिस्पर्ध्याने माणूस पळवू नये, म्हणून काही जपानी कंपन्या त्या काळी संगीतकारांची नावे दडवत वा टोपणनावे छापत. आपल्याला हे नवे नाही. १९४९च्या 'महल'मधल्या गाण्याच्या तबकडीवर लता मंगेशकरांचे नव्हे, तर 'कामिनी' या पात्राचे नाव होते. श्रोत्यांनी चौकशी केली, तेव्हा कुठे खरे नाव पुढे आले.

खेळांच्या संगीतालाही असेच जाणते श्रोते लाभले. १९८४ साली हारुओमी होसोनो यांनी खेळांतल्या संगीताची स्वतंत्र तबकडी काढली. १९८६च्या 'ड्रॅगन क्वेस्ट'चे कोइची सुगियामा यांचे संगीत पुढच्याच वर्षी पूर्ण वाद्यवृंदावर वाजले. तेच सूर २०२१ साली टोकिओ ऑलिंपिकच्या संचलनाला होते. २०११ साली 'सिव्हिलायझेशन ४'साठी ख्रिस्तोफर टिन यांनी केलेल्या स्वाहिली गीताला ग्रॅमी मिळाले. २०२३ साली मारिओची चाल अमेरिकेच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'ने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांत घेतली.

मग चिंता कशाची? चिंता आहे ती मान न मिळालेल्या बाकीच्यांची. अमेरिकेतल्या 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'ने २०२३ साली केलेल्या पाहणीनुसार, तिथल्या २०१०पूर्वीच्या दर शंभर खेळांपैकी ८७ आज बाजारात विकत मिळत नाहीत. जुन्या खेळांचे संगीत खेळाच्याच पोटात असते. यंत्र निकामी झाले, खेळ हरवला, की सूरही गेले. म्हणूनच जुन्या सीडी शोधणारे, मूळ यंत्रावरून नीट ध्वनिमुद्रण करणारे आणि टोपणनावामागचा माणूस हुडकणारे हौशी संग्राहक निव्वळ छंदिष्ट ठरत नाहीत. ७८ आरपीएमच्या तबकड्या जुन्या बाजारातून आणून, पुसून जपणाऱ्या रसिकांचेच हे भाऊबंद. कंपन्यांनी त्यांच्यावर सारा भार टाकू नये. जुने संगीत योग्य दरात उपलब्ध ठेवणे आणि त्यावर कर्त्याचे नाव ठळकपणे देणे, एवढे तरी त्यांनी करावे.

पालकांना करता येण्याजोगी गोष्ट त्याहून सोपी आहे. खेळाची वेळ संपली, की मुलांना त्यातले आवडते संगीत नुसते ऐकवायला सांगावे आणि विचारावे : हे कोणी केले? उत्तर शोधताना मुलांना संगीतकाराचे नाव सापडेल. आणि कदाचित, आजवर आवाज बंद करायला सांगणाऱ्या घराला एक नवा श्रोताही!