टायटॅनिक तोंडपाठ, ‘इजिप्त’ अज्ञात

१/ धागा. एप्रिलचा मध्य जवळ आला की मराठी इतिहासप्रेमींच्या पानांवर टायटॅनिक पुन्हा एकदा बुडते. तिचा भव्य जिना, शेवटच्या रात्रीच्या भोजनातील पदार्थ, अखेरपर्यंत वाजत राहिलेला वाद्यवृंद, हे सारे अनेकांना मुखोद्गत असते. त्यानंतर दहाच वर्षांनी मुंबईकडे निघालेले एक आलिशान जहाज बुडाले. त्यावर हिंदी खलाशी आणि गोवेकर स्टुअर्ड राबत होते. त्या जहाजाचे नाव मात्र फारच थोड्यांना ठाऊक आहे.

२/ या धाग्याचे प्रतिपादन सरळ आहे. आलिशान सागरप्रवासाचा जो इतिहास आवडीने वाचला आणि सांगितला जातो, तो डेकवरच्या आरामखुर्चीत बसून लिहिलेला आहे. ती खुर्ची पहाटे मांडणारा आणि रात्री उचलणारा माणूस कोकणचा वा गोव्याचा होता. त्याला वगळून सांगितलेली कथा अपुरी तर आहेच. महाराष्ट्रातील वाचकाने ती तशीच पुढे सांगावी, ही स्वतःच्याच किनाऱ्याशी केलेली प्रतारणा आहे.

३/ पुण्यातील स्वारगेटच्या चौकात हे विस्मरण उघड्या डोळ्यांनी पाहता येते. सहल कंपन्यांच्या जाहिराती ‘क्रूझ’चे स्वप्न हप्त्यांवर विकतात: निळे पाणी, पांढरे जहाज, हसरे कुटुंब. त्याच चौकातील एसटी स्थानकातून रत्नागिरी, दापोली आणि गोव्याकडे गाड्या सुटतात. जाहिरातीतील जहाज ज्यांच्या श्रमांवर चालत आले, त्यांची गावे या गाड्यांच्या वाटेवर आहेत. जाहिरातीत ती माणसे दिसलीच, तर हातात तबक घेतलेली दिसतात.

४/ एक जहाज उदाहरणादाखल घेऊ. पी अँड ओ कंपनीचे ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ १९२९ मध्ये सेवेत दाखल झाले. टर्बाइनपासून निर्माण होणाऱ्या विजेवर ते चाले. आत पॉम्पेई शैलीचा पोहण्याचा तलाव होता, आणि धूम्रपानकक्ष जुन्या राजवाड्यातील दालनासारखा सजवलेला होता. ४ ऑक्टोबर १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर पहिल्या गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून याच जहाजाने निघाले.

५/ अशा जहाजांवरील प्रवाशाचा दिवस आठवणींच्या पुस्तकांतून शेकडो वेळा वर्णिला गेला आहे. पहाटे केबिनमध्ये येणारा चहा, म्हणजे छोटी हाजरी. मग न्याहारी, डेकवर दोरीच्या कड्यांचा खेळ, अकराच्या सुमारास सूप, दुपारचे टिफिन, चार वाजता पुन्हा चहा. संध्याकाळी बिगुल वाजला की पोशाख बदलून भोजन, त्यानंतर नृत्य. तांबड्या समुद्रात उकाडा असह्य झाला की गाद्या डेकवर आणून झोपायचे. स्त्रिया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला.

६/ आता त्याच दिवसाची दुसरी बाजू. छोटी हाजरी आणणारा गोवेकर स्टुअर्ड प्रवाशाच्या कितीतरी आधी उठलेला असे. ज्या डेकवर खेळ रंगत, तो खलाशांनी अनवाणी पायांनी उजाडण्यापूर्वी धुऊन काढलेला असे. रात्रीच्या गाद्या वर आणणारे आणि सकाळी परत नेणारे हातही त्यांचेच. प्रवाशाला उकाड्याने झोप येत नसे, त्या वेळी कोळशावर चालणाऱ्या जहाजांच्या पोटात आगवाले भट्टीसमोर उभे असत.

७/ या माणसांचे स्वतःचे एक जग होते आणि त्या जगाची स्वतःची भाषा होती. डेकवरील टोळीचा प्रमुख सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, सुकाणू धरणारा सुकाणी, खलाशांसाठी रांधणारा भंडारी, झाडलोट करणारा टोपस. हिंदुस्थानी, पोर्तुगीज, अरबी अशा अनेक भाषांतून घडलेली त्यांची बोली इंग्रज अधिकाऱ्यांना शिकावी लागे. त्यासाठी थॉमस रोबक याने १८११ मध्ये स्वतंत्र कोशच प्रसिद्ध केला.

८/ कामांची वाटणी प्रदेशाप्रमाणे आणि धर्माप्रमाणे ठरलेली होती. पी अँड ओच्या जहाजांवर डेकवरील खलाशी मुख्यतः रत्नागिरीच्या आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे असत आणि त्यांत मुसलमानांचा भरणा मोठा असे. यंत्रखान्यात पंजाब व सरहद्द प्रांतातील माणसे असत. भोजनगृह आणि केबिनी गोव्याच्या ख्रिस्ती स्टुअर्डांकडे. टोपसाचे काम बहुधा ज्यांच्यावर गावातही तेच लादलेले होते, त्यांच्याच वाट्याला येई. जातीची उतरंड शिडी चढून जहाजावर आली होती.

९/ गोव्यात अशा जहाजी नोकरदाराला ‘तारवटी’ म्हणतात. मुंबईत बोटीची वाट पाहताना तो धोबीतलाव, माझगाव या भागांतील आपल्या गावाच्या ‘कूड’मध्ये राही. एकेका गावाने चालवलेली ही सामायिक वसतिस्थाने होती: ट्रंका ओळीने ठेवलेल्या, भिंतीशी वेदी, सायंकाळी सामूहिक प्रार्थना. मुंबईच्या इतिहासावर प्रेम करणाऱ्यांनी ताजमहाल हॉटेलाइतकेच या कूडांवरही लिहायला हवे होते.

१०/ ‘अशी नोकरी तर सगळीकडेच असते,’ असा आक्षेप येईल. म्हणून कायद्याकडे वळणे आवश्यक आहे. ब्रिटनच्या १८९४ च्या व्यापारी नौकानयन कायद्यानुसार प्रत्येक खलाशाला किमान ७२ घनफूट जागा देणे बंधनकारक होते. हिंदी खलाशासाठी हिंदुस्थानातील नियमांप्रमाणे ३६ घनफूट पुरेशी मानली जाई. सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी पेटी डोळ्यांसमोर आणावी. तिचे घनफळ तेवढेच भरते.

११/ १९०६ मध्ये गोऱ्या खलाशाची जागा १२० घनफूट झाली. हिंदी खलाशाला त्या वाढीतून वगळण्यात आले. वेतनाचीही तीच कथा: त्याच कामाला गोऱ्या खलाशाच्या फार तर एक-तृतीयांश, अनेकदा त्याहूनही कमी. ‘लस्कर करार’ या वेगळ्या कराराने त्याला बांधलेले असे. त्या कराराने त्याला हिंदुस्थानात परत आणण्याची तरतूद केली होती, म्हणजे ब्रिटनच्या बंदरात नोकरी सोडून गोऱ्यांच्या दराने दुसरी धरण्याची वाट बंद केली होती. धूम्रपानकक्षाची शोभा ज्या हिशेबातून उभी राहिली, त्यात ही बचतही मोजली पाहिजे.

१२/ येथे एका लाडक्या दंतकथेचा समाचार घेणे भाग आहे. ‘पॉश’ हा शब्द पी अँड ओच्या तिकिटांवरून आला, जाताना डावीकडील आणि येताना उजवीकडील सावलीची केबिन घेणाऱ्या श्रीमंतांच्या तिकिटावर तशी आद्याक्षरे छापत, असे वारंवार सांगितले जाते. तसे एकही तिकीट आजवर पुढे आलेले नाही. केबिनीवर ऊन कोणत्या बाजूने पडे, यावर इतकी कल्पकता खर्च झाली. केबिन पुसणारा कोठे झोपे, हा प्रश्न मात्र कोणाला पडला नाही.

१३/ दुसरी दंतकथा अधिक घातक आहे: ‘मराठी माणूस समुद्र ओलांडत नव्हता.’ समुद्रगमनाचा निषेध हा प्रामुख्याने उच्चवर्णीयांचा प्रश्न होता. १८८३ मध्ये पंडिता रमाबाई इंग्लंडला आणि आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या, तेव्हा वृत्तपत्रांत वादळ उठले. त्या काळात रत्नागिरीचा खलाशी लंडनची गोदी पाहून कितीदा परत आलेला होता. त्याच्या प्रायश्चित्ताची चर्चा कोणी केली नाही, कारण त्याचा प्रवास ‘प्रवास’ म्हणून मोजलाच गेला नाही.

१४/ स्वारगेटपासून चालत जाण्याच्या अंतरावर, गुरुवार पेठेत, पंचहौद मिशन आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये तेथे रानडे, टिळक, गोखले प्रभृतींसमोर चहा ठेवण्यात आला. त्या चहावरून ग्रामण्य उभे राहिले आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. पुणे एका पेल्यावर इतके दिवस वाद घालत होते, तेव्हा गोव्याचे स्टुअर्ड भर समुद्रात रोज शेकडो पेले भरत होते. पहिल्या घटनेवर ग्रंथ आहेत. दुसरीवर मराठीत फार थोडे आहे.

१५/ आता ‘इजिप्त’. पी अँड ओचे हे जहाज १९ मे १९२२ रोजी लंडनजवळील टिलबरीहून मुंबईसाठी निघाले. प्रवासी चाळीसहून थोडे अधिक, कर्मचारी जवळपास तीनशे, आणि तिजोरीत दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचे सोने-चांदी. दुसऱ्याच दिवशी, २० मे रोजी, फ्रान्सच्या उशां बेटाजवळ दाट धुक्यात ‘सेन’ या फ्रेंच जहाजाची धडक बसली. सुमारे वीस मिनिटांत ‘इजिप्त’ तळाशी गेले.

१६/ ऐंशीहून अधिक माणसे मृत्यू पावली आणि त्यांतील बहुसंख्य कर्मचारी होते. तरीही इंग्रजी वृत्तपत्रांनी दोष दिला तो हिंदी खलाशांना: ते घाबरले, बोटींकडे धावले, शिस्त मोडली. आरोप वंशाच्या नावाने झाला, जणू भीती हा एखाद्या किनाऱ्याचा जन्मजात गुण असावा. चौकशीत मात्र बोटी उतरवण्याच्या कवायतींतील हलगर्जीपणा उघड झाला आणि कप्तानाचा परवाना काही काळ निलंबित करण्यात आला.

१७/ ज्याला बोटीवरची आपली जागा कधी दाखवलीच गेली नाही, त्याने वीस मिनिटांत ती धुक्यात शोधावी, ही अपेक्षाच अन्याय्य होती. टायटॅनिकवरच्या गोंधळाला लोकांनी शोकांतिका म्हटले. ‘इजिप्त’वरच्या गोंधळाला भ्याडपणा म्हटले. हा भेद करणाऱ्या लेखणीचे उत्तर शंभर वर्षांनंतरही मराठीत पुरेसे दिले गेलेले नाही.

१८/ पुढे काय झाले? १९३२ मध्ये ‘आर्तिल्यो’ या इटालियन जहाजाच्या पाणबुड्यांनी शंभर मीटरहून अधिक खोलीवरून ‘इजिप्त’चे सोने वर काढण्यास प्रारंभ केला. त्या पराक्रमावर पुस्तके निघाली आणि तो जगभर गाजला. सोन्याचा शोध दहा वर्षे चालला. त्या सोन्याबरोबर बुडालेल्या खलाशांच्या घरांचा शोध कोणी घेतला नाही.

१९/ ‘इजिप्त’ हा अपवाद नव्हता. १९१४ मध्ये ब्रिटिश व्यापारी जहाजांवर पन्नास हजारांहून अधिक हिंदी खलाशी होते. पहिल्या महायुद्धात त्यांपैकी ३,४२७ मृत्यू पावले आणि सुमारे १,२०० युद्धकैदी झाले. दुसऱ्या महायुद्धात मृतांचा आकडा सहा हजारांच्या पुढे गेला. आंबेडकरांना घेऊन गेलेले ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ही ११ नोव्हेंबर १९४२ रोजी ओरानजवळ जर्मन पाणबुडीने बुडवले.

२०/ मुंबईत मशीद बंदर भागातील खलाशीगृहात पहिल्या महायुद्धाचे स्मारक आहे. समुद्राखेरीज ज्यांना कबर लाभली नाही, अशा दोन हजारांहून अधिक खलाशांच्या स्मृतीसाठी ते उभारले गेले. गड-किल्ल्यांवर शेकडोंच्या संख्येने जाणाऱ्या तरुणांपैकी किती जणांनी हे स्मारक पाहिले आहे, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

२१/ सर्वांत बळकट प्रतिवाद असा: ‘ही माणसे स्वेच्छेने गेली, जहाजाच्या पगारावर त्यांनी घरे बांधली, मग रडगाणे कशासाठी?’ पगारामुळे घरे उभी राहिली, हे निर्विवाद आहे. रत्नागिरी आणि गोव्यातील अनेक कौलारू घरांचा पाया समुद्रावर आहे. पण स्वेच्छा म्हणजे समाधान नव्हे. दुसरे महायुद्ध सुरू होताच, १९३९ मध्ये, याच खलाशांनी अनेक बंदरांत संप पुकारला, तुरुंगवास सोसला आणि वेतनवाढ मिळवली. त्यांना केवळ दयनीय ठरवणारा इतिहासही खोटाच ठरेल.

२२/ ‘ते दिवस गेले’ असेही म्हटले जाईल. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘डायमंड प्रिन्सेस’ हे क्रूझ जहाज कोरोनामुळे योकोहामा बंदरात अडकून पडले. त्यावर १३८ भारतीय होते. त्यांपैकी प्रवासी ६ आणि कर्मचारी १३२. विलगीकरणातील प्रवाशांच्या दाराशी जेवण पोहोचवण्याचे काम कर्मचाऱ्यांकडे होते, आणि ते स्वतः सामायिक केबिनींत झोपत होते.

२३/ कायदा बदलला आहे, हे मान्य केलेच पाहिजे. २००६ चा सागरी कामगार करार २०१३ पासून अमलात आला आणि २०१५ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. त्यानुसार चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती देय आहे. उरलेल्या चौदा तासांत काम घेता येते, हे त्याच वाक्याचे दुसरे टोक. आठवड्याची मर्यादा बहात्तर तास. जाहिरातीतील ‘अविस्मरणीय सात दिवस’ या आकड्यासह वाचावेत.

२४/ मग करायचे काय? टायटॅनिकवर लिहू नये, असे येथे कोणी म्हणत नाही. पण पुढच्या एप्रिलनंतर मे महिना येईल, तेव्हा २० तारखेला ‘इजिप्त’वरही चार ओळी लिहाव्यात. १९१५ सालच्या ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या खलाशी-याद्या आज जालावर विनामूल्य पाहता येतात, आणि युद्धात मृत्यू पावलेल्यांची नावे राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या सूचीत शोधता येतात. स्पेलिंगे वेडीवाकडी आहेत. ती ओळखायला कोकणी-मराठी कान लागतो.

२५/ आणि त्याहून जवळचा दफ्तरखाना घरातच आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी बोटीवर नोकरी केली, त्यांच्या माळ्यावरील ट्रंकेत एखादे सेवापुस्तक, मनीऑर्डरची पावती, एडनहून आलेले पत्र असू शकेल. दिवाळीच्या साफसफाईत हे कागद रद्दीत जातात. या वर्षी जाऊ देऊ नयेत. स्वारगेटहून गावाकडे निघालेल्या विद्यार्थ्याने ट्रंक उघडावी, प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे, आणि घरातील वृद्धांना जहाजाचे नाव विचारून लिहून ठेवावे. धागा समाप्त.