कावा कुणाशी?

सध्या मुक्काम कुंभकोणमला. इथे 1992 चा हाँगकाँगचा विनोदी चित्रपट ‘रॉयल ट्रॅम्प’ पाहिला. स्टीफन चाऊचा वे शियाओबाओ कुंग-फूत कच्चा, थापांत पक्का. बादशहा कांगशीचा दोस्त, आणि त्याचीच सत्ता उलथवू पाहणाऱ्या गुप्त संघटनेचा माणूसही.

कांगशी तख्तावर असतानाच, 1666 मध्ये, शिवराय आग्र्याहून युक्तीने निसटले. पुढच्या दशकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं आणि हा मुलूख मराठ्यांकडे आला. गनिमी काव्याच्या वारसांना असा लबाड आवडणारच.

पण माझं मत स्पष्ट आहे : कावा गनिमाशी करावा. शियाओबाओ दोन्ही धन्यांना फसवतो. पडद्यावर ते खपतं. पलटणीत ज्याने सोबत्याला एकदा थाप मारली, त्याच्या पहाऱ्यात कुणी निर्धास्त झोपत नाही.